ग्रीक देवतांचे मानवी दोष व संघर्ष

प्राचीन ग्रीकांच्या महाकाव्यांत, स्तोत्रांत व नाटकांत देवदेवतांचे जे चित्रण आढळते, त्यात क्रोध, मत्सर, कामुकता, कपट, पक्षपात, सूडबुद्धी आणि आपापसांतील भांडणे यांना मोठे स्थान आहे. देवांना मानवी रूप व मानवी मनोविकार कल्पिणे अनेक प्राचीन धर्मांत आढळते. ग्रीकांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आपल्या देवांचे दोष मोकळेपणाने, बारीकसारीक तपशिलांसह आणि पुष्कळदा विनोदबुद्धीने रंगविले व त्याच परंपरेत या चित्रणावर कठोर टीकाही केली. या दोषांकडे अप्रगत धर्मकल्पनेचा अवशेष म्हणून पाहण्याची प्रथा फार जुनी आहे. याउलट, ते केवळ कथेची रंजकता वाढविण्यासाठी आले आहेत, असेही मानले जाते. ही दोन्ही मते अपुरी आहेत. ग्रीक कल्पनेनुसार देव व मानव यांतील मूलभूत भेद नीतीचा नसून मृत्यूचा आहे. देव अमर असल्यामुळे त्यांच्या प्रमादांचे खरे मूल्य त्यांना कधीच द्यावे लागत नाही; ते माणसांना द्यावे लागते. देवांचे दोष व माणसांची दुःखे यांतील हे नाते लक्षात घेतल्याशिवाय या चित्रणाचा वाङ्मयीन व नैतिक अर्थ उलगडत नाही.

पार्श्वभूमी : ग्रीक धर्माला सर्वमान्य धर्मग्रंथ नव्हता, तसेच धर्ममताचे नियमन करणारी पुरोहितसंस्थाही नव्हती. यज्ञविधी, उत्सव, नवस व भविष्यकथन हे त्याचे मुख्य आचार. प्रत्येक नगरराज्य आपल्या परंपरेनुसार ते पाळीत असे. देवांची वंशावळी, रूपे, अधिकार व नावे ग्रीकांना होमर आणि हीसिअड या कवींनी दिली, असे इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने म्हटले आहे. देवांविषयीच्या कथा सांगण्याचा अधिकार अशा प्रकारे कवींकडे राहिला. कवी मात्र श्रद्धेचे सिद्धांत मांडीत नसे. तो परंपरेतून आलेल्या कथा प्रसंगानुरूप नव्याने रचीत असे.

त्यामुळे उपासनेतील देव व काव्यातील देव यांत काही अंतर पडले. मंदिरात विवाहाची अधिष्ठात्री म्हणून पूजिली जाणारी हीरा काव्यात पतीशी सतत कलह करणारी पत्नी म्हणून येते. अतिथींचा व शपथांचा रक्षक असलेला झ्यूस परस्त्रियांसाठी निरनिराळी रूपे घेतो. हे अंतर ग्रीकांना असह्य वाटत नसे. अथेन्समध्ये अथीनेच्या पॅनअथीनीआ या महोत्सवात होमरच्या काव्यांचे जाहीर पठन होई. पार्थेनॉन या तिच्या मंदिराच्या (इ. स. पू. ४४७–४३२) पश्चिमेकडील त्रिकोणिकेवर अथीना व पोसायडन यांच्यात अ‍ॅटिकाच्या स्वामित्वासाठी झालेली स्पर्धाच शिल्पित केलेली होती. दोन देवांचे भांडण हा त्या नगरीला अभिमानाचा विषय वाटत होता. तिच्यासाठी देवांनीही झगडावे, यातच तिचे महत्त्व सिद्ध होत होते.

हीसिअड व देवकुळातील सत्तासंघर्ष : हीसिअडच्या थिऑगनी (सु. इ. स. पू. ७००) या काव्यात देवांची उत्पत्ती व त्यांच्या सत्तांतराची कथा आलेली आहे. युरेनस (आकाश) आपल्या अपत्यांना गाया (पृथ्वी) हिच्या उदरातच कोंडून ठेवतो. मातेच्या सांगण्यावरून क्रोनस हा पुत्र विळ्याने पित्याचे लिंग छेदतो व सत्ता बळकावतो. पुढे आपलाही पुत्र आपल्याला पदच्युत करील, या भीतीने क्रोनस स्वतःची अपत्ये गिळू लागतो. रिआ ही त्याची पत्नी धाकट्या झ्यूसच्या जागी कपड्यात गुंडाळलेला धोंडा त्याच्या हाती देते आणि बालकाला वाचविते. वयात आलेला झ्यूस आपल्या भावंडांची सुटका करतो व टायटनांशी दहा वर्षे युद्ध करून राजा होतो. त्यालाही तीच भीती ग्रासते. आपल्याहून बलवान पुत्र होऊ नये म्हणून तो मीटिस (सुज्ञता) या आपल्या गर्भवती पत्नीलाच गिळून टाकतो.

या कथेचे मूळ सर्वस्वी ग्रीक नाही. हिटाइटांची राजधानी हात्तुसा (आधुनिक बोगाझकॉय, तुर्कस्तान) येथे सापडलेल्या इष्टिकालेखांत कुमार्बी या देवाची कथा आहे. तो आकाशदेव अनू याचे जननेंद्रिय दातांनी तोडतो व पुढे वादळाच्या देवाकडून त्याची सत्ता जाते. एच्. जी. ग्यूटरबॉक याने १९४६ मध्ये या कथांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केल्यानंतर हीसिअडच्या काव्यामागील पश्चिम आशियाई परंपरेचे स्वरूप अधिक स्पष्ट झाले. तथापि हीसिअडने या उसन्या सामग्रीला स्वतंत्र रोख दिला. त्याच्या काव्यात बळाने मिळविलेली सत्ता वाटणीने व विवाहसंबंधांनी स्थिर होते. झ्यूस इतर देवांना त्यांचे मान व अधिकार वाटून देतो. न्याय, सुव्यवस्था व शांती या त्याच्या कन्या ठरतात. दोषांच्या व हिंसेच्या पायावरच व्यवस्था उभी राहिली, ही जाणीव मात्र कवी लपवीत नाही. वर्क्स अँड डेज या त्याच्या दुसऱ्या काव्यात तर लाचखाऊ सत्ताधाऱ्यांना झ्यूसच्या न्यायाचा धाक घातलेला आहे. ज्याने पित्याला बंदिवासात टाकले त्याच्याकडेच गांजलेल्या शेतकऱ्याने न्याय मागावा, हा विरोध ग्रीक विचाराला पुढे कित्येक शतके छळत राहिला.

इलिअडमधील देव : होमरच्या इलिअड (इ. स. पू. सु. आठवे शतक) या महाकाव्यात देवांच्या दोषांचा कलात्मक उपयोग सर्वांत प्रभावीपणे केलेला आढळतो. काव्याच्या पहिल्या सर्गात दोन भांडणे आहेत. पहिले अ‍ॅगमेम्नॉन व अकिलीझ यांचे. एका बंदिवान स्त्रीवरून ते उद्‌भवते आणि त्यातून असंख्य योद्ध्यांचा मृत्यू ओढवतो. दुसरे भांडण ऑलिंपसवर झ्यूस व हीरा यांच्यात होते. अकिलीझची माता थीटिस हिला झ्यूसने गुप्तपणे वचन दिले, म्हणून हीरा संतापते आणि झ्यूस तिला मारण्याची धमकी देतो. लंगडा हेफेस्टस मध्ये पडतो. आपल्याला एकदा झ्यूसने पाय धरून आकाशातून कसे फेकून दिले, याची तो आठवण करून देतो व धावपळ करीत सर्वांना अमृत वाढू लागतो. त्याला पाहून देवांना हसू आवरत नाही. सूर्यास्तापर्यंत मेजवानी चालते आणि देव झोपी जातात. दोन्ही भांडणे मानापमानाचीच आहेत. पण खालचे भांडण चितांपर्यंत जाते, तर वरचे शय्येपर्यंत. या मांडणीतच कवीची दृष्टी व्यक्त झालेली आहे.

पाचव्या सर्गात डायोमीडीझ हा मर्त्य योद्धा अ‍ॅफ्रोडाइटीच्या हाताला जखम करतो. ती रडत आपली माता डायोनी हिच्या कुशीत शिरते. पुढे युद्धदेव एरीझही जखमी होतो, नऊदहा हजार माणसांएवढी आरोळी ठोकतो व झ्यूसकडे गाऱ्हाणे घेऊन जातो. तेव्हा सर्व देवांत तूच मला अधिक तिटकाऱ्याचा आहेस, असे पिता त्याला सुनावतो. देवांच्या शरीरात रक्ताऐवजी ‘आयकॉर’ नावाचा द्रव वाहतो व त्यांच्या जखमा तत्काळ भरून येतात. याच सर्गात अनेक मानवी योद्धे मरून पडतात आणि त्यांपैकी काहींचे घर, पिता किंवा गाव कवी एकदोन ओळींत सांगून जातो. देवांच्या जखमांचा विनोद या पार्श्वभूमीवर वाचला, तर त्याला कठोर धार येते.

चौदाव्या सर्गात हीरा अ‍ॅफ्रोडाइटीकडून मोहिनी घालणारा पट्टा उसना घेते, निद्रादेवाला विवाहाचे आमिष दाखविते आणि झ्यूसला भुलवून झोपविते. या अवधीत ट्रोजनांची पीछेहाट होते व हेक्टर घायाळ होतो. विसाव्या व एकविसाव्या सर्गांत देव परस्परांशी प्रत्यक्ष लढतात. अथीना एरीझला धोंड्याने लोळविते. हीरा आर्टेमिसचे हात धरून तिच्याच धनुष्याने तिच्या कानशिलांवर तडाखे देते. पोसायडनने आव्हान दिल्यावर अपोलो मात्र लढण्यास नकार देतो. पानांप्रमाणे बहरून गळून जाणाऱ्या मर्त्यांसाठी देवांनी झुंजणे शहाणपणाचे नाही, असे त्याचे म्हणणे आहे. देवांच्या बाजूने हे बोलणे समंजस आहे. माणसांच्या बाजूने ऐकले तर ते भयंकर आहे.

या वृत्तीचे सर्वांत विदारक उदाहरण चौथ्या सर्गात येते. ट्रॉयवर आपले किती प्रेम आहे, हे झ्यूस सांगतो. त्या नगरीचा विनाश करून घेण्याच्या मोबदल्यात हीरा आपल्याला अत्यंत प्रिय असलेली आर्गॉस, स्पार्टा व मायसीनी ही तीन नगरे, वाटेल तेव्हा नष्ट करण्यासाठी, झ्यूसला देऊ करते. पतिपत्नींचा तंटा या सौद्याने मिटतो. ज्यांनी तिची भक्तिभावाने उपासना केली ते नागरिकही त्या सौद्यातील वस्तू ठरतात. येथे विनोदाचा लवलेश नाही.

तथापि होमरचे देव सर्वस्वी निर्विकार नाहीत. आपला मर्त्य पुत्र सार्पीडॉन याचा मृत्यू समोर दिसत असता त्याला वाचवावे, असे झ्यूसला वाटते. तसे केल्यास इतर देवही आपापल्या पुत्रांना वाचवू पाहतील, असे हीरा बजावते. झ्यूस माघार घेतो आणि शोकाने पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. हेक्टरबाबतही त्याला कळवळा येतो. पण तो अथीनेला मोकळीक देतो आणि अथीना हेक्टरच्या भावाचे रूप घेऊन त्याला फसवून मृत्यूच्या तोंडी देते. देवांच्या करुणेला मर्यादा आहे, कारण त्यांना मृत्यूचा अनुभव नाही. चोविसाव्या सर्गात वृद्ध प्रायअम आपल्या पुत्राचे शव मागण्यासाठी अकिलीझच्या तंबूत जातो. पुत्राचा वध करणाऱ्याच्या हाताचे तो चुंबन घेतो आणि दोघेही रडतात. देवांनी माणसांच्या वाट्याला दुःख दिले व स्वतः मात्र ते निश्चिंत आहेत, अशा आशयाचे उद्गार अकिलीझ येथे काढतो. शव परत करण्याची आज्ञा झ्यूसचीच होती हे खरे. पण दोन शत्रूंनी एकत्र बसून केलेला शोक कोणत्याही देवाला शक्य नव्हता. देवांच्या उथळपणाने मानवी महात्मता उजळते, ती अशी.

ओडिसी व होमरिक स्तोत्रे : ओडिसीत देवांवरील दोषारोपाला उत्तर देण्याचा प्रयत्न दिसतो. माणसे आपल्या संकटांसाठी देवांना दोष देतात; परंतु स्वतःच्या अविचाराने ती अधिक दुःख ओढवून घेतात, असे झ्यूस आरंभीच म्हणतो आणि इशारा देऊनही पापाकडे वळलेल्या ईजिस्थसचे उदाहरण देतो. असे असले, तरी पॉलिफीमस या आपल्या पुत्राचा डोळा फोडल्याबद्दल पोसायडन ओडिसिअसचा वर्षानुवर्षे छळ करतो. ओडिसिअसला आतिथ्यपूर्वक स्वदेशी पोहोचविणाऱ्या फिएशियन लोकांचे जहाज तो झ्यूसच्या संमतीने दगडाचे करतो. आतिथ्यधर्माच्या रक्षकानेच आतिथ्यशील लोकांना शिक्षा होऊ द्यावी, ही विसंगती कवीने तशीच ठेवली आहे. देव मर्त्य स्त्रियांशी मनमानी करतात. पण देवींनी मर्त्य प्रियकर स्वीकारला, की त्यांना ते खपत नाही, हे कॅलिप्सोने हर्मीझला सुनावलेले बोलही उल्लेखनीय आहेत. देवांच्या दुटप्पीपणावरील ही टीका एका देवीच्याच तोंडी आलेली आहे.

आठव्या सर्गात डिमॉडोकस हा अंध गायक एरीझ व अ‍ॅफ्रोडाइटी यांच्या व्यभिचाराचे आख्यान गातो. हेफेस्टस अदृश्य जाळ्यात त्या दोघांना पकडतो व देवांना साक्षीला बोलावतो. देवी लज्जेने घरीच राहतात. देव मात्र हसतात. अखेर दंडाची हमी पोसायडन घेतो आणि प्रकरण मिटते. याच काव्याच्या शेवटी पेनेलपीच्या मागण्या घालणाऱ्यांचा संहार होतो. गृहस्थाच्या घरातील मर्यादाभंग देवलोकी थट्टेचा विषय होतो व मर्त्यलोकी रक्तपाताचा, हा इलिअडमधील विरोधच येथे पुन्हा येतो.

होमरच्या नावावर मोडणाऱ्या स्तोत्रांपैकी हर्मीझच्या स्तोत्रात नवजात देव अपोलोच्या पन्नास गाई चोरतो, शपथेवर खोटे बोलतो व शेवटी वीणेसारखे वाद्य देऊन भावाला प्रसन्न करतो. डिमीटरच्या स्तोत्राचा सूर मात्र गंभीर आहे. झ्यूसच्या संमतीने हेडीझ पर्सेफनीचे अपहरण करतो. तिची माता डिमीटर पृथ्वीवर दुष्काळ पाडते आणि झ्यूसला तडजोड करावी लागते. एका मातेच्या क्रोधापुढे देवराजाला नमते घ्यावे लागले, या घटनेशी इल्यूसिस येथील गूढविधींची स्थापना जोडलेली आहे. देवकुळातील अन्यायाची कथा उपासकांच्या आशेचा आधार झाल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

शोकात्मिका : इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या नाटककारांनी जुन्या कथांना नगरराज्याच्या न्यायकल्पनेसमोर उभे केले. एस्किलसच्या ऑरेस्टीया (इ. स. पू. ४५८) या नाट्यत्रयीच्या अखेरच्या भागात मातृवधाचा सूड घेऊ पाहणाऱ्या प्राचीन सूडदेवता व ऑरेस्टीझचा कैवार घेणारा अपोलो यांचा संघर्ष आहे. अथीना हा वाद अरिऑपगस येथील मानवी न्यायमंडळापुढे ठेवते. मते समसमान पडून ऑरेस्टीझ सुटतो, तेव्हा ती संतप्त देवतांची समजूत घालून त्यांना नगरीत सन्मानाचे स्थान देते. देवांचे भांडण मिटविण्यासाठी मानवी संस्थेची गरज भासावी, हा या नाटकाचा क्रांतिकारक विचार आहे. प्रॉमीथ्यूस बाउंड हे नाटक एस्किलसचे की नाही याबद्दल मतभेद आहेत. पण त्यात झ्यूस नव्याने सत्तेवर आलेला निष्ठुर जुलमी राजा म्हणून दिसतो.

सॉफोक्लीझ देवांवर उघड आरोप करीत नाही. एजॅक्स या त्याच्या नाटकाच्या आरंभी अथीना वेड लावलेल्या एजॅक्सला त्याच्या शत्रूपुढे उभे करते व शत्रूच्या फजितीवर हसण्यासारखे सुख नाही, असे ओडिसिअसला सुचविते. ओडिसिअसला हसू येत नाही. एजॅक्सच्या दैन्यात त्याला स्वतःची व सर्व माणसांची दुर्बलता दिसते. नंतर एजॅक्सला दफनाचा मान मिळवून देणाराही हाच ओडिसिअस. देवतेपेक्षा माणूस अधिक उदार ठरल्याचे नाटककार कोठेही बोलून दाखवीत नाही. प्रसंगाच्या रचनेतून ते आपोआप प्रत्ययास येते.

यूरिपिडीझच्या नाटकांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हिपॉलिटस (इ. स. पू. ४२८) मध्ये आपली उपेक्षा करणाऱ्या तरुणाचा सूड घेण्यासाठी अ‍ॅफ्रोडाइटी त्याच्या सावत्र आईच्या मनात त्याच्याविषयी कामवासना उत्पन्न करते. फीड्राचा दोष नसताही तिचा बळी जाईल, हे ती प्रारंभीच सांगून टाकते. हिपॉलिटस मरणासन्न असता त्याची आराध्यदेवता आर्टेमिस येते; परंतु देवांनी मृत्यू पाहणे निषिद्ध असल्याने ती निघून जाते. जाताना अ‍ॅफ्रोडाइटीच्या एखाद्या प्रियजनाचा जीव घेऊन या प्रसंगाची भरपाई करण्याचे आश्वासन ती देते. देवतांचा सूड असा पुढे चालू राहतो. मागे राहिलेला पुत्र मात्र आपल्या मरणास कारणीभूत झालेल्या पित्याला क्षमा करतो. आयन या नाटकात अपोलोच्या बलात्कारातून जन्मलेले मूल व मातेची वर्षानुवर्षांची वेदना हा विषय आहे. हेरॅक्लीझमध्ये हीरेच्या मत्सरापायी वेडा झालेला नायक स्वतःच्या मुलांना ठार करतो. शुद्धीवर आल्यानंतर, देव व्यभिचार करतात किंवा एकमेकांना बेड्या घालतात या कवींच्या हीन कथांवर आपला विश्वास नाही, असे तो म्हणतो. त्याचा विनाश तशाच एका कथेतून घडलेला असल्यामुळे या अविश्वासात विलक्षण कारुण्य आहे. बॅकी या नाटकात डायोनायससच्या कोपाने एका मातेच्या हातून पुत्राचा वध होतो. क्रोधाच्या बाबतीत देवांनी मर्त्यांसारखे असू नये, हे वृद्ध कॅडमसचे गाऱ्हाणे या सबंध परंपरेचे सार म्हणता येईल. त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

सुखात्मिका : अ‍ॅरिस्टोफेनीसने देवांची मनमुराद टर उडविली. द बर्ड्स (इ. स. पू. ४१४) मध्ये यज्ञाचा धूर अडविला गेल्याने देवांची उपासमार होते; द फ्रॉग्ज (इ. स. पू. ४०५) मध्ये डायोनायसस पाताळात भित्रेपणाचे प्रदर्शन करतो. ही नाटके डायोनायससच्याच उत्सवांत होत असत. हा विनोद पाखंड मानला जात नसे, कारण उत्सवातील थट्टा ही उपासनेचाच भाग होती. परंतु त्याच अथेन्सने नगराचे देव न मानल्याच्या आरोपावरून सॉक्रेटीसला इ. स. पू. ३९९ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली. देवांवर हसण्याची मुभा होती. त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे मात्र धोक्याचे ठरू शकत होते.

तत्त्वज्ञांची टीका : कॉलफन येथील कवी व तत्त्वज्ञ झीनॉफनीझ (सु. इ. स. पू. ५७०–सु. ४७५) याने होमर व हीसिअड यांच्यावर पहिला मोठा हल्ला चढविला. चोरी, व्यभिचार व फसवणूक ही माणसांत निंद्य ठरणारी सर्व कृत्ये या कवींनी देवांना चिकटविली, असा त्याचा आक्षेप होता. इथिओपियन लोकांचे देव काळे व चपट्या नाकाचे, तर थ्रेसियनांचे निळ्या डोळ्यांचे असतात; गुरांना वा घोड्यांना चित्रे काढता आली असती, तर त्यांनी देव आपल्याच आकाराचे काढले असते, हा त्याचा युक्तिवाद विख्यात आहे. पिंडर हा भाविक कवी दुसऱ्या मार्गाने गेला. पीलॉप्सचे मांस देवांनी खाल्ले, ही कथा सांगण्यास त्याने नकार दिला व ती बदलून घेतली.

प्लेटोच्या (इ. स. पू. सु. ४२७–३४७) टीकेमागे शिक्षणाची चिंता आहे. यूथिफ्रो या संवादातील यूथिफ्रो आपल्या पित्यावर खटला भरताना झ्यूसने आपल्या पित्याला बंदिस्त केल्याचा दाखला देतो. देव आपापसांत भांडत असतील, तर एकाला प्रिय असलेले दुसऱ्याला अप्रिय ठरेल. मग ‘देवांना जे प्रिय ते पुण्य’ ही व्याख्या कशी टिकेल, असा प्रश्न सॉक्रेटीस त्याला विचारतो. रिपब्लिकमध्ये देवांच्या संघर्षकथांना आदर्श राज्यातून वगळलेले आहे. त्यांचा रूपकात्मक अर्थ लावला तरी प्लेटोला ते मान्य नाही, कारण रूपक कोणते व वाच्यार्थ कोणता, हे बालकाला कळत नाही. ही भीती अनाठायी नव्हती. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या द क्लाउड्समध्ये (इ. स. पू. ४२३) व्यभिचाराच्या समर्थनार्थ झ्यूसचे उदाहरण देण्याची युक्ती शिकविली जाते. रोमन नाटककार टेरेन्स याच्या युनुकस (इ. स. पू. १६१) मधील तरुण डॅनेईच्या चित्राकडे बोट दाखवून आपल्या अत्याचाराचे समर्थन करतो.

अ‍ॅरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) काव्याची बाजू घेतली. देवांविषयीच्या कथा आदर्श नसतील, कदाचित सत्यही नसतील. पण लोक तसे सांगतात, एवढे समर्थन काव्यात पुरेसे होते, असे त्याने काव्यशास्त्रात सूचित केले. माणसे देवांची रूपे व जीवनपद्धती आपल्यासारखीच कल्पितात आणि स्वतः राजसत्तेखाली राहिल्यामुळे देवांनाही राजा आहे असे मानतात, हे निरीक्षण त्याने राज्यशास्त्रात नोंदविले. रीजिअमच्या थीॲजनीझने (इ. स. पू. सहावे शतक) देवांच्या युद्धाचा अर्थ पंचमहाभूतांसारख्या निसर्गशक्तींचा विरोध असा लावला होता. पुढे स्टोइकांनी हा रूपकात्मक मार्ग विस्तृत केला. यूहीमेरस (सु. इ. स. पू. ३००) याने देव हे मुळात थोर राजे होते, असे प्रतिपादिले. एपिक्यूरसने (इ. स. पू. ३४१–२७०) देवांना क्रोध व कृपा या दोहोंपासून मुक्त ठरविले, मात्र असे देव माणसाच्या दुःखाची दखलही घेत नाहीत. देवांना निर्दोष करण्याच्या या सर्व प्रयत्नांत त्यांचे व्यक्तिमत्त्व पुसट होत गेले, हे विचारात घेण्यासारखे आहे.

उत्तरकालीन मते : उदात्ततेवरील ग्रीक ग्रंथाच्या लाँजायनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्त्याने, होमरने माणसांना देव केले व देवांना माणसे, अशा अर्थाचा मार्मिक अभिप्राय दिला, परंतु रूपकार्थ न घेतल्यास देवांच्या युद्धाचे वर्णन अनुचित ठरते, असेही त्याचे मत होते. लूशनच्या (दुसरे शतक) संवादांत ऑलिंपस हे कटकटींनी गजबजलेले सामान्य घर झाले. सेंट ऑगस्टीनसारख्या (३५४–४३०) ख्रिस्ती लेखकांनी जुन्या तत्त्वज्ञांचेच आक्षेप मूर्तिपूजेविरुद्ध वापरले. आधुनिक काळात व्हाल्टर ओटो याने (१९२९) हे देव म्हणजे अस्तित्वाची निरनिराळी दिव्य रूपे आहेत, अशी भूमिका घेतली. कार्ल राइनहार्ट याने होमरच्या देवांतील गांभीर्याच्या अभावालाच एक उदात्तता असल्याचे दाखविले. ह्यू लॉइड-जोन्स याने (१९७१) झ्यूसच्या न्यायाची कल्पना होमरपासूनच सलग असल्याचे प्रतिपादन केले, तर जॅस्पर ग्रिफिन याने (१९८०) मृत्यूच्या संदर्भात देवांच्या प्रेक्षकत्वाचा अर्थ विशद केला. या मतांत विरोध दिसला, तरी न्यायी झ्यूस व लहरी झ्यूस हे दोघेही त्याच काव्यांत आहेत, हे विसरून चालत नाही.

मूल्यमापन : देवांच्या दोषांमुळे ग्रीक वाङ्मयाला दोन गोष्टी लाभल्या. जगातील अन्याय एखाद्या गूढ न्यायाच्या नावाखाली झाकण्याची सक्ती कवींवर राहिली नाही. निरपराध माणसे नष्ट होतात, हे सत्य ते स्पष्टपणे सांगू शकले. दुसरे असे, की चांगुलपणा हा केवळ देवांचे अनुकरण म्हणून माणसाकडे येत नाही, अशी जाणीव या काव्यांतून निर्माण झाली. प्रायअमचे धैर्य, ओडिसिअसची दया व हिपॉलिटसची क्षमा यांना देवलोकी नमुना नाही. मर्त्य असल्यामुळेच ती शक्य झाली.

तथापि या कथांचे कलादृष्ट्या समर्थन करताना एका मर्यादेकडे डोळेझाक करता येत नाही. डॅनेई, आयो, क्रीउसा, कॅसँड्रा यांच्या कथांत देवांच्या वासनेचे बळी ठरलेल्या स्त्रियांचे दुःख पुष्कळदा वंशावळीच्या अलंकारिक तपशिलात हरवते. देवाचा पुत्र जन्माला आला, की मातेवरील अत्याचार जणू भरून निघाला, असे कथाकार मानतात. यूरिपिडीझने क्रीउसेला स्वतःच्या तोंडाने अपोलोवर दोष ठेवण्याची संधी दिली, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. प्लेटोचा आक्षेपही केवळ काव्यद्वेषातून आलेला नाही. वंद्य मानलेल्यांचे वर्तन सत्ताधाऱ्यांना निमित्त पुरविते, ही त्याची शंका इतिहासाने खोटी ठरविलेली नाही. मात्र कवींना हद्दपार करण्याचा त्याचा उपाय मान्य केला असता, तर देवांना जाब विचारणारे कॅडमसचे व क्रीउसेचे आवाजही त्यांच्याबरोबर गेले असते. ग्रीकांनी देवांचे दोष सांगितले, त्यांवर ते हसले आणि त्यांच्या परिणामांवर रडले. ज्या कथांनी देवांना निंद्य ठरविले, त्याच कथांनी त्यांची निंदा करण्याची भाषाही माणसाला दिली.